डावं वल्हं

"आणि हे किती वेळ चालतं?" टेलरबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

दुकानदाराने गेम खेळायची दोन्ही यंत्रं काउंटरवर शेजारी शेजारी मांडली. "लहान तीन तास, मोठं सहा. मुलगा किती वर्षांचा आहे?"

"सव्वीस."

दुकानदाराने लहान मुलांच्या खेळांची खोकी बाजूला सरकवली.

बाईंनी दोन्ही यंत्रं आळीपाळीने हातात घेऊन पाहिली. लहान हलकं होतं, एप्रनच्या खिशात मावणारं. गिऱ्हाईक आलं की पटकन कापडाखाली सरकवता आलं असतं. पण स्क्रीन बिस्किटाएवढा आणि बटणं घट्ट. मोठ्याचा स्क्रीन ऐसपैस, पण आत पंखा घरघरायचा आणि वजन असं की मनगटं बोलायला लागावीत.

"उद्या सांगते," म्हणून त्या निघाल्या. पाय जमिनीवर ठरत नव्हते. पन्नाशी उलटल्यावर असलं काही घ्यायला निघालोय, हे आठवून त्यांचं त्यांनाच हसू येत होतं.

घरी आल्यावर त्यांनी कापडाचे नमुने काढायच्या खाकी कागदावर खडूने उभी रेघ मारली. एकीकडे फायदे, एकीकडे तोटे. फायद्यांची बाजू भराभर भरली. तोट्यांच्या बाजूला त्यांनी मान, डोळे, वजन असं लिहिलं आणि सगळ्यात खाली दोनच शब्द: 'कळलं तर?'

बाईंचा लेक दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. दर रविवारी त्याचा फोन यायचा. जेवलास का? हो. बरा आहेस ना? हो. ठेवू? हो. तीन 'हो'मध्ये आठवडा आटपायचा.

चार महिन्यांपूर्वी वरच्या मजल्यावरची नर्स प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली. जाताना तिने आपलं गेमचं यंत्र बाईंकडे ठेवलं आणि खेळायलाही शिकवलं. लेक 'बोकोबा' या नावाने खेळतो, हे बाईंना त्याच्या शाळेपासून ठाऊक होतं. त्यांनी स्वतःसाठी नाव घेतलं 'तात्या'. तात्या म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, घरी एकटे, वेळच वेळ. याच नावाने त्यांनी बोकोबाला शोधून ऑनलाइन खेळायला बोलावलं आणि तो आला.

खेळ दोघांनी होडी वल्हवायचा. एकाकडे डावं वल्हं, दुसऱ्याकडे उजवं. जुळलं नाही की होडी जागच्या जागी फिरते. पहिला आठवडाभर ती भोवऱ्यासारखी फिरली, पण बोकोबा कधी चिडला नाही. एक टप्पा संपला की दोघं लिहून गप्पा मारायचे. साहेब किती खडूस आहे, नव्या खोलीत पाणी किती वाजता जातं, बंद पडलेल्या लिफ्टमधल्या आजींना धीर यावा म्हणून त्याने बाहेरून गाणी कशी म्हटली, सगळं सगळं तो तात्यांना सांगायचा. आई पाठोपाठ इथेही येऊन बसलीय हे कळलं, तर तो त्याच क्षणी पसार होईल, याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती.

आणि नर्स शनिवारी परत येणार होती.

शेवटी त्यांनी त्यालाच विचारायचं ठरवलं. साडेसातला त्यांनी शिलाई मशीनशेजारच्या प्लगमधून नर्सचं यंत्र काढलं. तो प्लग सैल होता. चार्जर निसटू नये म्हणून लेकाने मागच्या सुट्टीत त्याखाली दोऱ्याच्या रिळाचा टेकू लावून दिला होता.

"बोकोबा, नवं यंत्र घ्यायचं आहे," तात्यांनी लिहिलं. "लहान की मोठं?"

उत्तर तयारच असल्यासारखं आलं. "मोठं. लहानाचा स्क्रीन बघताना चष्मा वरखाली करून जीव जाईल. शिवाय मोठ्याची पकड चांगली, डाव्या अंगठ्यावर भार येत नाही."

बाईंनी आपल्या डाव्या अंगठ्याकडे पाहिलं. तीस वर्षं कापड दाबून धरून तो कायमचा दुखरा झाला होता. पोरगं किती मुद्द्याचं बोलतं, म्हणून त्यांना कौतुक वाटलं.

"पण वजन फार आहे."

"मांडीवर उशी घ्या."

"आतला पंखा घरघरतो."

"त्याहून मोठ्या घरघरीत तुमचं आयुष्य गेलंय. सवय होईल."

पोस्टातल्या शिक्क्यांच्या आवाजाबद्दल म्हणत असावा. बाईंनी धीर करून पुढे लिहिलं, "मुळात घ्यावं की नाही, हेच ठरत नाहीये."

बाईंनी कोपऱ्यातली उशी मांडीवर ओढली.

"घ्या, तात्या. डाव्या वल्ह्याला कोणी नसलं, तर मी एकटा गोल गोल फिरत बसेन."

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर वर जायच्या आधीच त्या दारात हजर होत्या.

"मुलगा एकदम खूश होईल," मोठं यंत्र खोक्यात घालत दुकानदार म्हणाला.

"त्याला सांगू नका म्हणजे झालं," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी होडी तीरासारखी सुटली. चार महिन्यांत जमला नव्हता तो धबधब्याचा टप्पा दोघांनी पहिल्याच फेरीत पार केला. बाईंनी खोलीत एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

"झकास," बोकोबाने लिहिलं. "बॅटरी किती उरली?"

"संपतच आली. चार्जिंगला लावते," बाईंनी घाईघाईत लिहिलं, चपापून शेवटचं अक्षर खोडलं आणि नीट 'लावतो' करून पाठवलं.

"लाव. पण मशीनशेजारच्या प्लगला नको, ते रीळ सटकतं. पुढच्या महिन्यात घरी आलो की आधी तो प्लग बदलतो."