पूर्णविरामाची कळ

“या घरात पुन्हा तिचं नाव निघता कामा नये!”

मिंचोचा तो आवाज वेलाच्या कानांत अजून तसाच होता. लेक नेवेना लग्नाची वाट न बघता एका घटस्फोटित ट्रकवाल्याबरोबर स्पेनला निघून गेली, त्या संध्याकाळचा तो आवाज. तेव्हापासून कितीदा दारातलं लिंडनचं झाड फुललं, कितीदा झडलं, बल्गेरियातल्या त्रोयानच्या डोंगरावर कितीदा बर्फ पडला नि वितळला. नाव मात्र उंबऱ्याबाहेरच राहिलं. नवऱ्यासमोर वेलाने ते कधी ओठांवर येऊ दिलं नाही. त्यानेही नाही.

आणि आज तोच आवाज चिरका होऊन स्वयंपाकघरातून ओरडत होता, “वेला! अगं वेला, चोर!”

वेला अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. काळे हात एप्रनला पुसत ती धावत आत आली. चोर कुठेच नव्हता. डोक्यावर टोपी, नाकावर चष्मा अशा थाटात मिंचो लॅपटॉपकडे बोट दाखवत होता.

मेल कंपनीच्या पासवर्डांवर दरोडा पडल्याची बातमी रेडिओने केव्हाच दिली होती. कंपनीचंही पत्र आलं होतं: पासवर्ड बदला, अनोळखी मेल उघडू नका. मिंचोने यातलं काहीच ऐकलं नाही. त्या चोरीनंतर त्याच्याकडे स्पॅमचा नुसता लोंढा सुरू झाला होता. पोट उतरवणारा चहा, टकलावरचं तेल, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, भेटायला आतुर झालेल्या कुणी रोक्साना नि मारिएला. रोज सकाळी मधपेट्यांकडे जाण्याआधी मिंचो त्यातली एकूण एक मेल उघडायचा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, मगच पुसायचा.

“या वयात परक्या बायकांची पत्रं वाचतोस म्हाताऱ्या, लाज वाटते का?” वेला टोमणा मारायची.

“एखादं कामाचं निघालं तर?”

“कामाचं? कोण लिहिणार तुला, तुझ्या माश्या?”

आजच्या मेलमध्ये चहाही नव्हता नि मारिएलाही नव्हती. धमकी होती. ‘तुझं गुपित मला कळलं आहे. पुरावा म्हणून हा घे तुझा पासवर्ड. मागेन ते दे, नाहीतर तुझ्या सगळ्या ओळखीच्यांना ते गुपित कळवीन.’ मध्ये लॅटिन अक्षरांची एक माळ होती. वाचायला जावं तर जीभ अडखळावी, त्यात मधेच एक पूर्णविराम.

मिंचोने ती माळ डोळे बारीक करून दोनदा वाचली. गेलेला रंग चेहऱ्यावर परत आला. तो हसायलाच लागला.

“अगं, हा माझा नव्हेच! गाढव आहेत लेकाचे. कुणा इंग्रजाचा पासवर्ड माझ्या गळ्यात बांधतायत. मी आपला बल्गेरियनमध्ये लिहितो.”

“तरी बदल. तुझ्या नावाने उद्या मधाच्या गिऱ्हाइकांना लुबाडतील, मग बस हसत. सरक बघू. जुना काय आहे?”

मिंचोच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. “ते नाही सांगणार.”

“बायकोला?”

“कुणालाच.”

वेलाच्या मनात पाल चुकचुकली. मारिएला की काय? “बरं,” ती म्हणाली, “मग चोरांचाच घालून बघते. तुझा नव्हेच म्हणतोस ना?”

“घाल, घाल. चालला तर मिशी उतरवीन!”

वेलाला टायपिंग कुठलं येतंय. धमकीत बघायचं, कळ हुडकायची, एका बोटाने दाबायची. प्रत्येक कळेवर दोन अक्षरं होती, वर लॅटिन, खाली आपलं बल्गेरियन. ‘के’च्या खाली आपला ‘न’ होता. ‘ई’च्या खाली ‘ए’. ‘एल’च्या खाली ‘व’. पुन्हा ‘ए’, पुन्हा ‘न’. ‘डी’च्या खाली ‘आ’.

वेलाचं बोट हवेतच थांबलं.

म्हातारा इतकी वर्षं आपली अक्षरं बघून कळा दाबत होता, आणि पासवर्डच्या चौकटीत यंत्र मुकाट्याने वरची लॅटिन अक्षरं लिहीत होतं. पडद्यावर दिसायचे नुसते काळे ठिपके. ना त्याला कधी कळलं, ना चोरांना.

तिने पुढची कळ दाबली. ‘ए’. मग आला पूर्णविराम. चोरांना जिथे सगळं संपल्यासारखं दिसलं होतं, त्याच कळेवर खाली आपला ‘ल’ होता. मग ‘आ’. मग ‘स’, मग ‘इ’.

नेवेना, एला सी. नेवेना, घरी ये गं.

पडद्यावर उमटलं: जुना पासवर्ड बरोबर आहे, आता नवा द्या.

“चालला?” मिंचो उभाच राहिला. “तो कसा चालला? त्यांना कसं कळलं माझं...”

“त्यांना काहीच कळलेलं नाही,” वेला म्हणाली. “मला कळलं. रोज हेच लिहितोस?”

मिंचोने मान आडवी हलवली, आमच्या बल्गेरियात होकाराला हलवतात तशी. मग तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“आता कुठलं आडनाव लावते, कुणास ठाऊक,” तो पुटपुटला. “म्हणून कुणाच्याही नावाची असो, सगळ्याच मेल उघडून बघतो.”

अंगणातून मिरच्या करपल्याचा वास आत आला. दोघांपैकी कुणीही उठलं नाही. वेलाने आपली काळी पडलेली बोटं पुन्हा एप्रनला पुसली.

“मिंचो,” ती म्हणाली, “मी शनिवारी माझ्या ताईकडे जाते ना, तिथे लेकीचा फोन येतो. दर वेळी एकच विचारते, आई, येऊ का? आणि बाबा अजून रागावलेत, येऊ नकोस, असं मीच सांगत आले.”