चौदावं लागलंय

पडद्यावर पुन्हा लाल पट्टी आली आणि नंदिनीने कपाळावर हात मारला. तालुक्याच्या खो-खो स्पर्धेच्या नावनोंदणीचा डेटाबेस तिनेच बांधला होता. वय चौदापेक्षा कमी हवं आणि तीन नोंदी चुकल्या की अख्खा संघ बाद, हे नियमही तिचेच. आता तिच्याच शाळेचा संघ बाद झाला होता.

“सर, चुकांची मर्यादा दहा करू? आपल्या मुली आत येतील.”

“येतील की. त्यांच्यामागून दहावीतल्या तायाही येतील,” संगणक शिकवणारे इनामदार सर हसले. “चूक कुठे होतेय, ते आधी बघ.”

नंदिनीने शेजारी बसलेल्या कप्तानाला विचारलं, “चिंगे, सगळ्यांचं वय काय लिहिलंस?”

“चौदा. चौदावं लागलंय ना!”

“अगं, म्हणजे तेराच पूर्ण झाली!”

तिने वयाचा रकाना काढून जन्मतारखेचा घातला. पूर्ण झालेली वर्षं आता संगणकच मोजणार होता. मर्यादा तीनच राहिली. मुलींच्या जन्मतारखा भरल्या आणि पट्टी हिरवी झाली.

संध्याकाळपर्यंत पिंपळवाडीचा बाद संघही तसाच आत आला. गेल्या वर्षी ढाल त्यांनीच नेली होती.

“आता गं?” चिंगी म्हणाली.

“आता त्यांना मैदानात हरवायचं!”