प्रकृती समाधानकारक

अकराव्या पायरीवर सौम्या खाली बसली. तिचा हात कठड्यावरून घसरून मांडीवर पडला. नखांत रंग उरलेला नव्हता. दिव्यांगांसाठीचे तपासणी शिबिर सरकारी दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर भरवले होते. लिफ्टमध्ये उद्घाटनाच्या सतरंज्या रचून ठेवल्या होत्या.

"आई, उचल की."

मंगलचे हात आपसूक पुढे झाले आणि तिने ते मागे घेतले. नऊ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन चढणे तिला नवे नव्हते. पण वर दारासमोरच डॉक्टर बसत, आणि पोरगी स्वतःच्या पायांनी, धापा टाकत आलेली त्यांना दिसणे आवश्यक होते.

"थोडंच ऱ्हायलंय, चल. आणि आत गेल्यावर हसायचं न्हाय. कळलं?"

"व्हय."

वरच्या बाकावर अनगोळच्या अक्काताई नातवाला घेऊन बसल्या होत्या. नातवाचे गुडघे आतल्या रक्तस्रावाने सुजलेले. आजी शिबिरांना सरावलेली. सौम्याला पाहताच त्यांचे पान चघळणे थांबले.

"अगं, पांढरीफेक पडलीया की ही! रक्त कवा चढवायचं हुतं?"

"आठ दिस झालं," मंगल हळू आवाजात म्हणाली. "आज हितं दाखवायचं आणि मग चढवायचं. गेल्या साली चढवून तिसऱ्या दिवशी आणल्ती. गाल लाल. काय लिवलं त्येनी, म्हाईत हाय न्हवं?"

अक्काताईंना माहीत होते. 'प्रकृती समाधानकारक, सवलतीस अपात्र.' थॅलेसेमियाचे मूल परक्या रक्तावर तीन आठवडे जगते आणि तिसऱ्या दिवशी फारच छान दिसते. शासनाने ते नेमके तिसऱ्या दिवशी पाहिले आणि सवलतीचे कार्ड बंद केले. त्या परक्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साठत जाते. ते उतरवणाऱ्या गोळ्या कार्डावर फुकट मिळत. विकतच्या रोज परवडत नसल्याने वर्षभर सौम्या त्या दिवसाआड घेत होती, आणि लोहाचा आकडा दुपटीवर गेला होता. तो रिपोर्ट मंगलने पिशवीत आणलाच होता. परंतु तपासणारा कागदाआधी गाल पाहतो, हे शिक्षण तिला शासनानेच दिले होते.

"शानी हैस," अक्काताई म्हणाल्या. "आमच्या ह्याला लंगडायला शिकवावं लागत न्हाय, तेवढं बरं." आणि स्वतःच हसल्या. सौम्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

नाव पुकारले गेले.

डॉक्टर तरुण होते, धारवाडकडचे. मराठी चांगले बोलत. घाबरले की मात्र कन्नडात शिरत. सिस्टरने सौम्याच्या बोटाला सुई टोचली. आलेला थेंब पाणचट गुलाबी होता. दहाच्या आसपास असायला हवा तो हिमोग्लोबिनचा आकडा यंत्राने चार पॉइंट एक दाखवला.

"एन यव्वा इदु?" डॉक्टर उभेच राहिले. "काय आहे हे? रक्त का नाही दिलं हिला? हार्ट बंद पडेल हिचं! आणि जिना चढून आली ही? चालत?"

"गेल्या साली चांगली करून आणल्ती, सायेब." मंगलने जुना कागद त्यांच्यापुढे सरकवला. "तर तुम्ही कार्ड काढून घेतलं."

डॉक्टरांनी कागद वाचला. खालची सही त्यांची नव्हती. गेल्या वर्षी डॉक्टर दुसरे होते. शिक्का तोच होता.

त्यांनी अर्जावर भराभर तीन ओळी लिहिल्या, तो शेजारच्या टेबलाकडे सारला आणि फोन उचलला. "आधी खाली, कॅज्युअल्टीत. आत्ताच्या आत्ता."

"आणि कार्ड?"

"रक्त चढू दे, बरी होऊ दे. मग आणा परत."

"कशी आणू?" मंगलने विचारले. "बरी करून, का अशी?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिले. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी फोन उचलला आणि ते सुटले.

शेजारच्या टेबलावर ओमकार नावाचा क्लार्क संगणकापुढे होता. डॉक्टरांचे कन्नड अक्षर मंगलला लागेना.

"काय लिवलंय वो, अण्णा?"

ओमकारने आधी मनात वाचले. मग आवाज खाली घेऊन मराठीत सांगितले, "'आईकडून उपचारात जाणूनबुजून हयगय. बालकल्याण समितीला कळवावे. सवलतीचा विचार तूर्त नाही.'"

'जाणूनबुजून' ह्या शब्दावर मंगलने मान हलवली. त्यात खोटे काहीच नव्हते.

आता सगळे वेगाने होऊ लागले. सतरंज्या लिफ्टबाहेर फेकल्या गेल्या. व्हीलचेअर आली. मंगलने सौम्याला उचलून तीत बसवले. पोरीचे अंग गार होते, आणि छाती हाताला लागेल इतकी धडधडत होती.

"एक मिनिट, आक्का," ओमकार ओशाळून म्हणाला. "फोटो ऱ्हायला. नामंजूर करायलाबी फोटो लागतोय, त्याबिगर फाईल बंद हुईत न्हाय."

त्याने कॅमेरा वळवला. पडद्यावर कागदासारखा एक चेहरा उमटला, आणि त्या माणसाला काय वाटले कोण जाणे, त्याचा आवाज मऊ झाला.

"हिकडं बघ, बाळ. जरा हस की."

सौम्याने कॅमेऱ्याकडे पाहिले नाही. मान वळवून तिने आईकडे पाहिले.

"आई," तिने विचारले, "आता चालतंय?"