आजींचा डावा दंड

अंथरुणाला खिळलेल्या आजींना तीन वर्षं मी भरवलं, त्यांची कूस बदलली. हसायच्या मात्र त्या चार दिवसांपूर्वी आलेल्या आयेकडे बघून. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

काल तिची रात्रीची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी मी आजींचा डावा दंड करकचून दाबला. म्हटलं, येऊ दे आळ हिच्यावर.

रोज सकाळी अंग पुसताना आम्ही दोघी मिळून आजींच्या अंगावरच्या खुणा तपासतो. आज दंडावर ओरखडाही नव्हता.

"अगं बाई! ताई, तुम्हाला कुणी धरलं हो असं?" नवी आया म्हणाली.

माझ्या डाव्या दंडावर चार बोटांचे निळे वळ होते. बघता बघता अंगठाही उमटला.

आजींचे लुळे हात जिथल्या तिथे होते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. पहिल्यांदाच.