बोरन्हाणाचा पाट

प्रतिमाने पाट उलटा केला. वरून गुळगुळीत, नुकताच पॉलिश केलेला. खालच्या एका कडेला मात्र जुन्या रंगाचे पोपडे राहिले होते. हिरवे. कौशिक हाताला लागेल ते चाटतो, म्हणून ती नखाने ते खरवडायला बसली आणि खरवडता खरवडता थांबली. शहरातल्या सी-स्कीम भागाकडे जाताना रिक्षातून दिसायची, त्या इंग्रजांच्या जुन्या कचेरीची दारं अशीच हिरवी होती. दिवाळीनंतर पाडली ती.

"हा कुणी दिला म्हणालास?"

"कौशिकच्या बोरन्हाणासाठी ठेकेदारानं हौसेनं करून दिलाय. कालच सांगितलं की." उमाकांत मुलाच्या गळ्यात हलव्याचा हार घालत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"कुठला ठेकेदार?"

"अगं, लोक येऊन बसलेत. आवर ना." मुलाला कडेवर घेऊन तो बाहेर गेला.

बाहेर घरमालकीण लताजी आणि शेजारच्या विजयमालाकाकू यांची जुंपली होती. गच्च्यांवरून पतंगवाल्यांचा आरडाओरडा येत होता, तरी स्वयंपाकघरात सगळं ऐकू येत होतं.

"किती देखणी कचेरी होती हो," काकू म्हणाल्या. "शहराची शान गेली."

"आपके लिए देखणी होगी, काकूजी. मेरे ससुरजी को उसी में दिन-दिन भर खड़ा रखते थे, कि माफ़ी माँगो. जिस दिन टूटी, मैंने मोहल्ले में लड्डू बाँटे." मग लताजी हसल्या. "पर मतलब, क्या चीज़ बनाई थी! मैं देखने गई थी ना. लोहे का सब्बल मुड़ गया, दरवाज़ा नहीं टूटा. साबुत उतारना पड़ा."

"उमाकांत, तुमच्या खात्यातर्फे तपासणी तुम्हीच केलीत ना?" काकूंनी विचारलं. " एवढी मोडकळीला आली होती का खरंच?"

"वाळवी हो, काकू," उमाकांत म्हणाला. "दारं, तुळया, सगळं आतून पोखरलेलं. वरून कळत नाही. उद्या कुणाच्या डोक्यात पडली असती तर? मीच लिहून दिलं, पाडा म्हणून."

प्रतिमाने पाटावर बोटाने टकटक केलं. भरीव, घट्ट आवाज. तिने पाट खिडकीशी नेऊन चारी कडा पाहिल्या. एक भोक नाही. सुरीचं टोक लावून जोर दिला. टोक आत शिरेना.

ती बाहेर आली ती चादरीची घडी घेऊन. घडी जमिनीवर टाकून तिने कौशिकला वर बसवलं, त्याचं काळं झबलं सारखं केलं.

"अगं, पाट?" उमाकांतने विचारलं.

"गच्चीत टाकलाय, उन्हात." तिने बोरांची परात काकूंपुढे सरकवली. "वाळवी असेल त्याला. उगाच घरात पसरायची."

लताजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग काकूंनी घाईघाईने पहिली ओंजळ ओतली. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे कौशिकच्या डोक्यावरून घरंगळले. तो खिदळला. समोर पडलेलं एक बोर उचलून त्याने वर धरलं.

"बाबा, घे."

उमाकांतने हात पुढे केला. मग प्रतिमाकडे पाहिलं, आणि हात तसाच मागे घेतला.