बागेखालचं रोमन टाकं

अब्बांना सौदीतच दफन केलं, पण तिथं बायकांना कब्रस्तानात सोडत नाहीत. “मग अब्बांचं इथं काय बघू?” गावाहून आलेल्या सफूरानं विचारलं. त्यांचे खोलीसोबती जमालचाचा तिला अल-उलाजवळच्या खजुराच्या बागेत घेऊन आले. बागेखालच्या रोमन टाक्यावर अब्बा पंप चालवत. रोमनांवर तिनं पुष्कळ वाचलं होतं, पण हे टाकं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पायऱ्या उतरताना ती ओरडलीच, “चाचा, भिंतीवर रोमन सैनिकाचं नाव कोरलंय!” “असू दे. तुझा बाप पुढं आहे, यल्ला, चल!” बॅटरीच्या उजेडात पाणी हललं. मासे! “गावच्या विहिरीतल्यासारखे मासे सोडल्याशिवाय तुझ्या बापाला चैन पडेना! पार हुफूफ शहरातून आणलेन, दिवसभर बसमध्ये डबा मांडीवर धरून.” तिनं पिशवीतली रोटी चुरून टाकली. मासे झेपावले, मागून पिल्लं, त्यांच्यामागून आणखी पिल्लं. सफूरा खळखळून हसली. “रोटी द्या, चाचा! आमच्या घरचे बरेच आहेत इथं.”