उणे दोन पूर्णांक सहा

पडद्यावर आकडा उमटला, उणे दोन पूर्णांक सहा, आणि फ्रीजवाल्याला वाटलं, संपलं सगळं.

बायकोने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. "आज दुकान बंद ठेव आणि ये," ती म्हणाली होती. "वाईट निघालं तर मला घरी नेणारं कुणीतरी हवं." म्हणून तो सकाळपासून प्रयोगशाळेतल्या शेवटच्या खुर्चीत, अवजारांची पिशवी मांडीवर घेऊन, परक्यासारखा अवघडून बसला होता.

पाच वर्षं एकाच प्रश्नाने त्यांचं घर खाऊन टाकलं होतं. ध्रुवावरच्या बर्फाखाली, तीन किलोमीटर खोल, पाणी आहे की नाही? विमानातून रडारच्या लहरी खाली सोडायच्या आणि तळाला आपटून परत आलेल्या लहरींची रेघ पडद्यावर बघायची. तळ ओला असेल तर रेघ झगझगीत, गोठलेला असेल तर मिणमिणती. बायकोला एका जागी ती झगझगीत दिसली. प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले, खडकच तसा असेल, तिथं सगळं ठार गोठलंय. हा वाद काही मिटेना. शेवटी बर्फाला आरपार भोक पाडून तापमापक खाली सोडायचं ठरलं; तळाचं तापमान आज इथं पडद्यावर येणार होतं. गोठलेलं निघालं तर मी हे काम कायमचं सोडेन, असं बायकोने भर बैठकीत जाहीर करून टाकलं. हट्टाला पेटली की ती असंच काहीतरी बोलून बसते.

या पाच वर्षांत फ्रीजवाल्याने आपलं चालतं दुकान उचलून या अनोळखी शहरात आणलं होतं. ती दोनदा चार-चार महिने बर्फावर गेली, तेव्हा तो लेकीच्या वेण्या घालायला शिकला. पहिल्या वेण्या इतक्या वाकड्या झाल्या की शाळेच्या बाईंनी घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी केली. बायको खचून "नसेलच रे पाणी" म्हणाली, की तो ठणकावून सांगायचा, "आहे म्हणजे आहे!"

आणि आता उणे दोन पूर्णांक सहा. बाकी विज्ञानात त्याचा आनंदच होता. पण वीस वर्षं फ्रीज दुरुस्त केलेल्या माणसाला, शून्याखाली पाण्याचं काय होतं, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मोठे सर पेन्सिलीने कागदावर आकडेमोड करत होते. बायको तोंडावर हात दाबून उभी होती आणि तिचे डोळे घळाघळा वाहत होते. फ्रीजवाल्याचा जीव तुटला. पिशवी काखोटीला मारून तो तिच्याजवळ गेला.

"चल, घरी जाऊ," तो हळूच म्हणाला. "मनाला लावून घेऊ नकोस. खरं सांगू का, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एवढ्या थंडीत पाणी राहतंय होय? माझ्या फ्रीजमध्ये उणे दोनला पाण्याचा दगड होतो."

ती त्याच्याकडे वळली. रडता रडता ती हसत होती.

"तुझ्या फ्रीजवर तीन किलोमीटर बर्फ रचलाय का कुणी? अरे वेड्या, वरून एवढा भार पडला की बर्फ शून्याची वाट बघत बसत नाही. तो उणे दोन पूर्णांक सहालाच वितळतो!"

"बरोब्बर तेवढ्यालाच," मोठे सर पेन्सिल टाकून उठले. त्यांचा चेहरा हरलेल्या माणसाचा अजिबात वाटत नव्हता. "बाई, मी हरलो. तळ ओला आहे!"

मग जो गलका झाला त्याला तोड नव्हती. कुणी टेबल बडवलं, कुणी कागद उधळले, मोठ्या सरांनी तर खुर्चीवर चढून शीळ घातली. फ्रीजवाला सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला. ओरडता ओरडता त्याला आठवलं, आपण आत्ता काय बोलून बसलो. पाच वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट नेमकी आज तोंडातून सुटली होती.

बायको कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. "म्हणजे पाच वर्षं तू माझ्याशी खोटं बोलत होतास?"

"जवळजवळ रोज," तो कानकोंडा होऊन म्हणाला.

"तिथं पाणी नाहीच असं वाटत होतं, तर सगळं सोडून माझ्यामागे इथवर आलास कशाला?"

फ्रीजवाल्याला प्रश्नच कळेना.

"मी पाण्यासाठी थोडाच आलो होतो!"